लाल गावं, पांढरी गावं: सोलापूर जिल्ह्याच्या कॅन्सर-नकाशाच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

एथिक्स कमिटीचं पत्र आलं. आता दवाखान्यांतल्या कॅन्सर-रुग्णांच्या याद्या उघडता येतील. नावं, फोन नंबर, आधार काढूनच फायली आमच्याकडे आल्या आहेत. उरलंय ते वय, लिंग, पत्ता, निदानाचं वर्ष, कॅन्सर कुठला आणि जिथे लिहिली असेल तिथे स्टेज. काळ २०१८ ते २०२४.

तीनच कॅन्सर घ्यायचं ठरलं: तोंडाचा, गर्भाशयाच्या मुखाचा आणि स्तनाचा. हे तिन्ही नुसतं बघून, हाताने चाचपून किंवा साध्या तपासणीत लवकर सापडू शकतात. तिशीच्या पुढच्यांची या तिन्हींसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी, असं केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. नकाशातून काही निघालंच, तर पुढे काय करायचं याचं उत्तर आधीपासून तयार आहे. ज्यातून पुढे काहीच करता येणार नाही असा नकाशा काढण्यात मला रस नाही.

प्रश्न असा लिहून ठेवला: अकरा तालुक्यांत कुठे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, कुठे कमी, आणि त्या ‘कमी’चा अर्थ काय? शेवटचा तुकडा डॉक्टर मॅडमनी जोडायला लावला. त्या सामुदायिक आरोग्यात वीसेक वर्षं आहेत. नकाशावर रुग्ण जास्त असलेलं गाव लाल, नसलेलं पांढरं. म्हणाल्या, “लाल गावांकडे सगळेच धावतात हो. मला पांढऱ्या गावांची जास्त भीती वाटते.”

५ जून

दिवसभर पत्ते.

मु. पो. ता. जि. ही आपली जुनी घडी. ‘मु.’ म्हणजे माणूस राहतो ती वाडी-वस्ती, ‘पो.’ म्हणजे जिथे टपाल येतं ते गाव. दवाखान्याच्या संगणकावर मात्र गावासाठी एकच रकाना असतो आणि घाईत तिथे टपालाचं गाव जातं. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या भागांत अर्धी कुटुंबं रानात वस्तीवर राहतात. त्यांचे सगळे रुग्ण टपालाच्या गावावर जमा होतात. ते गाव फुगतं आणि वाड्या कोऱ्या दिसतात.

मग नावांचा घोळ. उपळाई बुद्रुक आणि उपळाई खुर्द माढा तालुक्यात, उपळाई ठोंगे बार्शी तालुक्यात. केसपेपरवर नुसतं ‘उपळाई’. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेवरची गावं तर मराठी कारकुनाने एक लिहिली, कन्नड बोलणाऱ्या नातेवाइकाने दुसरीच सांगितली. शहरात कुणी पेठ लिहितं, कुणी ‘घरकुल’, कुणी नुसतं ‘सोलापूर’. नुसतं ‘सोलापूर’ दिलं की सॉफ्टवेअर तो ठिपका शहराच्या मधोमध टाकतं. असे ठिपके साठले की किल्ल्याच्या आणि सिद्धेश्वर तलावाच्या भोवती कॅन्सरचा डोंगर उभा राहतो आणि त्याला काहीही आधार नसतो.

ठरवलं ते असं. प्रत्येक पत्त्याला अ, ब किंवा क श्रेणी. वाडीपर्यंत खात्री असेल तर अ, टपालाच्या गावापर्यंतच असेल तर ब, तालुकाच कळत असेल तर क. क श्रेणीचा रुग्ण तालुक्याच्या आकड्यात मोजायचा, पण नकाशावर त्याचा ठिपका टाकायचा नाही. प्रत्येक गावाला २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी क्रमांक लावायचा, नावावर भरवसा ठेवायचा नाही. आमच्या ताई (समाजसेविका, जिल्हा पायाखाली घातलेल्या) शेजारी बसल्या म्हणून हे जमतंय. कुठलं संगणकी पत्तेशोधक साधन ‘पाण्याच्या टाकीजवळची वस्ती’ शोधून देणार?

११ जून

पत्ता अचूक लागला तरी प्रश्न उरतोच: तो पत्ता कुणाचा?

कॅन्सर आज दिसतो, पण त्याची सुरुवात कित्येक वर्षं मागे असते. तोंडाच्या कॅन्सरमागची तंबाखू दहा-वीस वर्षं आधीपासून सुरू असते. बाईच्या बाबतीत त्या काळात पत्ता बदललेला असतो. मिश्रीची सवय माहेरी लागली, आजीच्या डबीतून. लग्न होऊन ती सासरी आली, आणि निदान झालं तेव्हा केसपेपरवर सासरचं गाव लागलं. पुरुषाचा पत्ता बहुतेक जन्मगावाचाच राहतो, म्हणून एकाच नकाशावर दोघांचे ठिपके टाकले तर ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

उलटंही घडतं. आजारी पडल्यावर सासरी करणारं कुणी नसतं, म्हणून ती माहेरी येते आणि भाऊ दवाखान्यात नेतो. पत्ता भावाचा. म्हातारी आई मुलाकडे पुण्याला असते, पण योजनेचं कार्ड गावचं, म्हणून पत्ता गावचा. बार्शीसारख्या लोकसंख्या-आधारित कॅन्सर नोंदणीत (म्हणजे ठरलेल्या भागातले सगळे रुग्ण शोधून नोंदवतात तिथे) माणूस त्या भागात किमान एक वर्ष राहत असेल तरच तो तिथला रहिवासी धरतात. आमच्याकडे दवाखान्याच्या याद्या आहेत, ती विचारपूस झालेलीच नाही.

यावर संगणकात उपाय नाही. म्हणून सगळे नकाशे स्त्रिया आणि पुरुष असे वेगळे काढायचे. आणि पुढे मुलाखती होतील तेव्हा पहिल्या पानावर तीन ओळी: जन्मगाव, लग्नानंतरचं गाव, गेली दहा वर्षं कुठे. मॅडमनी चौथी सुचवली: आजारपणात कुणाकडे राहताय? ती घातली.

१७ जून

काल केंद्राची अधिसूचना निघाली. पुढची जनगणना २०२७ मध्ये, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. तोवर हातात २०११ चेच आकडे. जिल्हा तेव्हा ४३,१७,७५६ लोकांचा होता.

दर काढताना अंशात रुग्ण, छेदात लोकसंख्या. अंश २०२४ चा आणि छेद २०११ चा घेतला की जिथे वस्ती वाढली ते गाव आपोआप लाल होतं. याचं सगळ्यात ठळक उदाहरण सोलापूर शहराजवळचं कुंभारी. २००६ मध्ये तिथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची, विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली. ती किमान २०११ च्या मोजणीत आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगर या कामगार वसाहतीतल्या १५,००० घरांचा ताबा दिला गेला, तो कुठल्याच जनगणनेत नाही. तिथले रुग्ण आता ‘कुंभारी’ असा पत्ता देणार आणि छेद मात्र तेरा वर्षांपूर्वीचा राहणार. त्यात ही विडी कामगारांची वस्ती, म्हणजे तंबाखूशी नातं आधीच जोडलेलं. ‘विडी घरकुलात कॅन्सरचा उद्रेक’ असा मथळा तयार व्हायला एवढं पुरे आहे. असा खोटा मथळा त्या बायकांच्या माथी मारला जाऊ नये, याची जबाबदारी आमची.

सरांनी (संख्याशास्त्र शिकवतात) सुचवलेली पद्धत पटली. प्रत्येक भागाला दोन छेद: एक २०११ वरून पुढे वाढवलेला, दुसरा आशाताईंच्या कुटुंब-नोंदवहीतला. दोन्हींनी दर काढायचा. दोन्हीकडे चढा निघाला तरच ‘चढा’ म्हणायचं.

२० जून

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा छेद त्याहून अवघड. ज्या बाईची पिशवी काढली आहे तिला हा कॅन्सर होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. मग तिला छेदात का धरायचं? बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने समिती नेमली. तेच मजूर हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात, आणि आपल्या गावांतही ऐन तिशीत पिशवी काढलेल्या बायका ताईंना घरोघर भेटतात.

जिथे अशा शस्त्रक्रिया जास्त, तिथे या कॅन्सरचा दर कमी दिसेल आणि कुणीतरी त्याला आरोग्याची प्रगती म्हणेल. हे वाक्य लिहितानाही त्रास होतोय. आशाताईंच्या सर्वेक्षणात एक प्रश्न वाढवता येईल का, ते विचारायचं. तोवर या नकाशाखाली ही अडचण ठळक अक्षरांत.

१ जुलै

पालख्या जिल्ह्यात आल्या. आशाताई, नर्सबाई, आरोग्यसेवक सगळे वारीच्या ड्युटीवर. एकादशी ६ तारखेला. गावभेटी त्यानंतर.

१० जुलै

पहिला कच्चा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. लाल, पांढरं, लाल, पांढरं. बघणाऱ्याचं बोट लगेच लाल गावावर जातं आणि “इथे पाणी खराब आहे”, “इथे फवारणी जास्त” असं सुरू होतं.

सरांनी फळ्यावर एक हिशोब मांडला, तो इथे लिहून ठेवतो, कारण प्रत्येक बैठकीत लागणार आहे. समजा हजार गावं आहेत, प्रत्येकात २,००० माणसं. सगळीकडे धोका अगदी सारखा: वर्षाला लाखात ५०. म्हणजे दर गावी वर्षाला सरासरी एक रुग्ण. धोका सारखा असूनही निव्वळ योगायोगाने सुमारे ३६८ गावांत एकही रुग्ण निघणार नाही. सुमारे ८० गावांत तीन किंवा जास्त निघतील. या ऐंशी गावांचा दर सरासरीच्या तिप्पट आणि वर, आणि कारण शोधायला गेलात तर काहीच नाही. पाणी तेच, माती तीच.

लहान गावाचा दर असा वर-खाली उड्या मारतो. जिल्ह्यातला सगळ्यात लाल आणि सगळ्यात पांढरा ठिपका, दोन्ही जवळपास नेहमी लहान गावांचेच असतात. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कॅन्सरचे परगण्यांनुसार नकाशे काढले तेव्हा हेच दिसलं: सर्वांत जास्त दराचे आणि सर्वांत कमी दराचे परगणे, दोन्ही विरळ वस्तीचे.

म्हणून गाव हे एकक सोडलं. एकक आता प्राथमिक आरोग्य केंद्राचं क्षेत्र. साधारण ३०,००० लोकवस्ती, आकडे जरा स्थिर राहतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पुढे शिबिर घ्यायचं, माणूस पाठवायचा, गाडी लावायची तर ते आरोग्य केंद्राकडूनच होणार. नकाशाचं एकक आणि कामाचं एकक एकच असावं.

१४ जुलै

वयाचं समायोजन पूर्ण. याशिवाय तुलना करणं चूकच. करमाळा, माढा, सांगोल्यातल्या गावांतून तरुण पुण्याला गेले की मागे म्हातारी माणसं राहतात आणि कच्चा दर चढतो. सगळ्यांची वयरचना एका प्रमाण लोकसंख्येवर बसवायची. जगभर यासाठी सेगी यांची १९६० ची प्रमाण लोकसंख्या वापरतात, डॉल यांनी पुढे सुधारलेली. तीच घेतली, म्हणजे देशातल्या इतर नोंदण्यांच्या शेजारी आपले आकडे ठेवता येतील.

त्यानंतर स्मूदिंग. थोडक्यात: लहान क्षेत्राच्या स्वतःच्या आकड्यावर कमी विश्वास ठेवायचा आणि त्याला शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढायचं, मोठ्या क्षेत्राचा आकडा जवळपास आहे तसा राहू द्यायचा. बेसाग, यॉर्क आणि मोलिए यांनी १९९१ मध्ये मांडलेलं मॉडेल ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवलं. जिथे तिथे पेटलेले ठिपके बरेच विझले.

२०२० आणि २०२१ वेगळी काढली. टाळेबंदीत कॅन्सर थांबला नव्हता, निदान थांबलं होतं.

२३ जुलै

आज शेजाऱ्यांचे आकडे. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल, २०१२ ते २०१६ ची माहिती. पुरुषांत देशातला सर्वाधिक दर आयझॉलचा, लाखात २६९.४. सर्वांत कमी उस्मानाबाद आणि बीडचा, ३९.५. स्त्रियांमध्येही सर्वांत कमी तिथलाच, ४९.४. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेच्या हद्दीला लागून देशातला सर्वांत ‘पांढरा’ भाग.

हा पांढरा रंग खरा मानायचा का? माझं मत, बऱ्याच अंशी हो. कारण बार्शी. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीत सुरू झाली. बार्शी आणि त्याच उस्मानाबाद जिल्ह्यातले परांडा, भूम असे तीन तालुके, ३४६ गावं. दवाखान्यात बसून रुग्णांची वाट पाहिली तर खेड्यातले निम्मे येणारच नाहीत, हे तिथल्या लोकांनी ओळखलं. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जात राहिले. सरपंच, शिक्षक, गावातली जाणती माणसं यांच्याशी बोलायचे, लक्षणं समजावायचे, संशयित रुग्णाला तपासणीला आणायचे. नोंदणीचं काम आणि लोकांना शहाणं करण्याचं काम एकाच फेरीत. इतकं शोधूनही जिथे कमी सापडतं तिथे ‘कमी’ म्हणायला आधार असतो.

आमच्या नकाशावरच्या पांढऱ्या भागांना तो आधार नाही. तेव्हा पांढऱ्याचे दोन प्रकार: तपासून पांढरं आणि न तपासता पांढरं. नकाशावर ते सारखे दिसता कामा नयेत. दुसऱ्यावर आजपासून तिरप्या रेघा.

२४ जुलै

रेघा मारायच्या कशावरून? रात्री उशिरापर्यंत मॅडमशी फोनवर. तीन खुणा ठरल्या.

पहिली, स्टेज. क्षेत्रातले रुग्ण थोडे आणि त्यातले बहुतेक तिसऱ्या-चौथ्या स्टेजला आलेले, तर तिथे कॅन्सर कमी आहे असं म्हणता येत नाही. लोक उशिरा पोचतात आणि काही पोचतच नाहीत, असा त्याचा अर्थ.

दुसरी, आशाताई घरोघर भरतात तो जोखमीचा तक्ता. त्यात तंबाखू, तोंडातला न भरणारा व्रण, स्तनातली गाठ, पाळी सोडून अंगावरून जाणं असे प्रश्न आहेत. तक्त्यात संशयित बरेच, पण तुकडा काढून तपासल्याची (बायोप्सीची) नोंद जवळजवळ नाही, असं असेल तर रेघा.

तिसरी, अंतर.

४ ऑगस्ट

अंतराचा थर. सुरुवातीला सरळ किलोमीटर मोजले, पण ताईंनी ते मोडीत काढलं. “किलोमीटरनी बाई जात नाही, एसटीनी जाते.” सकाळची पहिली गाडी कधी, ओपीडीला पोचते का, संध्याकाळी परत यायला गाडी आहे का, एक दिवसाची मजुरी बुडते की दोन दिवसांची. तसा थर बनवायला घेतला.

शिवाय ‘दवाखाना’ हे ठिकाण धरून चालत नाही. तुकडा काढून तपासणी होते ते ठिकाण धरायला हवं. ती ठिकाणं फार थोडी.

आणि जिल्हा एका दिशेला बघत नाही. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर अशी रेल्वे आहे. त्या मार्गावरचे लोक बार्शीला जातात किंवा मिरजेला. सांगोल्याचा ओढा मिरज-सांगलीकडे. करमाळ्याचा पुणे-अहिल्यानगरकडे. अक्कलकोटचे काही कलबुर्गीला. ज्यांना जमतं ते थेट ‘टाटाला’. उलट तुळजापूर, इंडी भागातले रुग्ण सोलापुरात येतात. म्हणून आमच्या याद्यांत जिल्ह्याच्या कडेचे तालुके उपाशी आणि मधले भरलेले दिसणार. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार कुठेही झाले तरी रुग्णाचा तालुका कळतो. आधीच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत २०१२ मध्ये सोलापूर होता, त्यामुळे इथे कार्ड वापरण्याची सवय जुनी आहे. तालुक्यानुसार एकत्रित आकड्यांसाठी अर्ज केला.

१२ ऑगस्ट

सॅटस्कॅन, म्हणजे रुग्णांचे पुंजके शोधणारं सॉफ्टवेअर. कुलडॉर्फ यांची १९९७ ची पद्धत. प्रत्येक केंद्राभोवती लहान-मोठी वर्तुळं टाकत जायचं. आतला दर बाहेरच्यापेक्षा किती वेगळा ते बघायचं. मग तेवढेच रुग्ण ९९९ वेळा योगायोगाने विखरून टाकायचे आणि असा पुंजका आपोआप किती वेळा तयार होतो ते मोजायचं. यात आधी नकाशा बघून मग वर्तुळ काढण्याची सोय उरत नाही. मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

आधी अंतराचा थर न घालता चालवलं. हायवे आणि रेल्वेच्या कडेने चढ्या दराचा पट्टा आला, तिन्ही कॅन्सरमध्ये. एकाच पट्ट्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तिन्ही? यांची कारणं वेगवेगळी. तिन्हींत समान असलेली एकच गोष्ट, दवाखान्यापर्यंतचा रस्ता.

मग अंतर घालून चालवलं. पट्टा विरला. स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कुठलाच पुंजका टिकला नाही. तोंडाच्या कॅन्सरचा स्त्रियांमधला एक टिकला, दोन्ही छेदांनी. वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ घेतलं तरी जागेवर.

ठिकाणाचं नाव इथे लिहीत नाही. संबंधित आरोग्य केंद्राशी बोलणं होईपर्यंत कुठेच लिहायचं नाही.

२२ ऑगस्ट

पुंजका सापडला की कारण सांगायची घाई होते. बैठकीत दोघांनी एकदम ‘कापूस, सूत, यंत्रमाग’ म्हटलं. सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल, त्यामुळे तिकडे मन जाणं साहजिक. म्हणून त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली.

१९७५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९५० ते १९६९ मधल्या कॅन्सर-मृत्यूंचे परगण्यांनुसार नकाशे छापले. आग्नेय राज्यांत स्त्रियांच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ठळकपणे जास्त दिसले. तो कापड गिरण्यांचा भाग. गिरणीतल्या कामाकडे बोट गेलं. मग नॉर्थ कॅरोलायनात हा कॅन्सर झालेल्या आणि न झालेल्या तशाच स्त्रियांना, किंवा त्यांच्या नातेवाइकांना, विचारलं. १९८१ मध्ये निष्कर्ष आला: कारण गिरणी नव्हती, गालात आणि हिरडीशी धरून ठेवायची तपकीर होती. सिगारेट न ओढणाऱ्या पण ही तपकीर वापरणाऱ्या स्त्रियांना धोका चौपट. बरीच वर्षं वापरणाऱ्यांत गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ पन्नास पट.

नकाशाने कुठे विचारायचं ते दाखवलं. काय ते बायकांनी सांगितलं.

आपल्याकडे मिश्री आहे. म्हणून विडी वळणाऱ्या बायकांकडे ताईंबरोबर गेलो. सूप मांडीवर, हात चालूच. “तंबाखू खाता का?” याला सगळ्यांचं उत्तर ‘नाही’. ताईंनी विचारलं, “सकाळी दात कशाने घासता?” तेव्हा डब्या निघाल्या. एक मावशी म्हणाल्या, “दाढ ठणकत होती म्हणून लावली, आता लावली नाही तर डोकं धरतं की ओ.” दिवसातून किती वेळा? त्यांनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एकीने तोंड उघडून दाखवलं. दोन बोटं आत जात नव्हती. मॅडमनी तिथल्या तिथे तिचं पुढचं ठरवलं.

धूररहित तंबाखू आणि सुपारी, दोन्ही कॅन्सरकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दिलेला आहे. पण त्यामुळे आमच्या पुंजक्याचं कारण मिश्रीच, असं सिद्ध होत नाही. क्षेत्राचा आकडा हा क्षेत्राचा; त्यावरून एका बाईबद्दल बोलता येत नाही. रुग्ण बाईला आणि तिच्याच वयाच्या, तिच्याच भागातल्या निरोगी बाईला एकच प्रश्नपत्रिका लागेल. मिश्रीचा प्रश्न तंबाखूच्या प्रश्नाखाली ठेवायचा नाही. तो वेगळा आणि आधी.

५ सप्टेंबर

ठिपक्यांचा नकाशा मागितला गेला आहे, गावाच्या नावासकट. नकार दिला. कारणासह.

पंधराशे वस्तीच्या गावात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक ठिपका, वयोगट ३० ते ३९. गावाला नाव सांगायची गरज उरत नाही. तिच्या मुलीचं स्थळ मोडतं, तिचं ताट-वाटी वेगळं होतं. कॅन्सर लागत नाही हे कितीही सांगा. पाचपेक्षा कमी आकडा कुठेही छापायचा नाही, ठिपके गटाबाहेर जाणार नाहीत, हे लेखी दिलं.

२४ सप्टेंबर

सीनेला पूर. माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावं पाण्यात. गावभेटी रद्द. आरोग्य केंद्रांना आता दुसरी कामं आहेत आणि तीच व्हायला हवीत.

९ ऑक्टोबर

रेघांच्या क्षेत्रातल्या एका उपकेंद्रात पूर्ण दिवस. पूर इथवर आला नव्हता.

नर्सबाई मोकळेपणाने बोलल्या. तोंडाची तपासणी होते, टॉर्च आहे. स्तनाची जमेल तशी. गर्भाशयमुखाची नाही, कारण पडदा नाही, टेबल नाही, आणि बाई तयार झाली तरी पुढे कुठे पाठवायचं ते नक्की नाही. अंगावरून लाल जाणं पाळी गेल्यावरही सुरू असलेल्या दोन बायका त्यांना माहीत होत्या. दोघींनी कुणालाच दाखवलेलं नव्हतं. “ताई, तिला म्हटलं बार्शीला जा, तर म्हणाली सोयाबीन निघू दे.”

या क्षेत्रात आमच्या यादीप्रमाणे सात वर्षांत गर्भाशयमुखाचे रुग्ण नगण्य. पांढरं.

मॅडमनी दोघींची नावं, आशाताईंचा फोन आणि पुढच्या आठवड्यातला वार आपल्या वहीत लिहून घेतला. सोबत कोण जाणार हेही तिथेच ठरवलं.

येताना गाडीत मी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासाबद्दल वाचून दाखवत होतो. १९९९ मध्ये सुरू झालेला, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, बार्शीच्याच लोकांनी राबवलेला. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीने त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे इथून दोन-तीन तालुक्यांपलीकडे, अशाच रानातल्या बायकांवर हे करून दाखवलेलं आहे.

१४ ऑक्टोबर

दिवाळीआधीची शेवटची बैठक. आरोग्य विभागाचे अधिकारी दोन तास बसले, याचं मला समाधान आहे.

आम्ही दोनच कागद दिले. पहिल्यावर तोंडाच्या कॅन्सरचा तो एक पुंजका, आणि त्याखाली: कारण सिद्ध नाही, मुलाखती बाकी. दुसऱ्यावर रेघा मारलेली क्षेत्रं, उशिरा आलेल्या रुग्णांच्या प्रमाणाप्रमाणे उतरत्या क्रमाने. पहिली शिबिरं कुठे, याचा आमचा आग्रह दुसऱ्या कागदासाठी होता. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, जिथे रुग्णच नाहीत तिथे शिबिर कशाला? मॅडमनी त्या उपकेंद्रातल्या दोन बायकांबद्दल सांगितलं, नाव-गाव न घेता. त्यातली एक आज सकाळी तुकडा तपासायला गेली आहे.

आणखी एक गोष्ट लेखी मान्य करून घेतली. शिबिरं झाली की ही क्षेत्रं पहिली दोन-तीन वर्षं नकाशावर लाल होतील, कारण साठलेले रुग्ण सापडतील. त्यावरून तिथल्या आरोग्य केंद्राला जाब विचारायचा नाही. त्या काळात यशाचं माप एकूण संख्या धरायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येणाऱ्यांचं प्रमाण घटतंय का, ते बघायचं. हे वाक्य नकाशाच्या चौकटीतच छापलं जाईल.

पुढची कामं: मुलाखतींच्या प्रश्नपत्रिकेचं तेलुगू आणि कन्नड रूप; योजनेच्या तालुकानिहाय आकड्यांचा पाठपुरावा; एसटीच्या वेळांचा थर पूरग्रस्त रस्ते धरून नव्याने. शिबिरं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, बाजाराचा वार टाळून. तोंडात पांढरा चट्टा किंवा गाठ सापडली तर तुकडा तिथेच काढायचा, बाईला दुसऱ्या दिवशी बोलवायचं नाही. त्यासाठी सर्जन द्यायचं कबूल झालंय, गाडीचं पत्र उद्या.